डायसीचीं दोन मतें आणि ब्रेक्झिट

इंग्रजी राज्यघटनेचा थोडाबहुत अभ्यास केलेल्या वाचकांस आल्बर्ट व्हेन डायसी हें नांव अपरिचित नसेल. ऑक्सफर्ड येथें कायद्याचा अध्यापक असतांना १८८५ सालीं त्यानें राज्यघटनेच्या कायद्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आपल्याकडील वकिलीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं, निदान परीक्षेपुरता तरी, वाचलेला आहे. पार्लमेंटला वाटेल तो कायदा करतां येतो व वाटेल तो मोडतां येतो, आणि त्यानें केलेला कायदा बाजूस सारण्याचा अधिकार इंग्लंडांत दुसऱ्या कोणासहि नाहीं, हा त्या ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त होय.

परंतु याच डायसीनें पुढें आणखी एक मत तितक्याच आवेशानें मांडलें होतें, व तें विद्यार्थ्यांच्या वाट्यास सहसा येत नाहीं. राज्याच्या मूळ बांधणींत फेरफार करणारा कायदा पार्लमेंटनें संमत केला तरी तो मतदारांपुढें ठेवावा, आणि त्यांच्या बहुमतानें मान्य झाल्यावांचून तो अमलांत येऊं नये, असें तें मत. ज्यानें पार्लमेंटला सर्वसत्ताधीश ठरविलें त्यानेंच त्याच्या डोक्यावर लोकांना बसवावें, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. युरोपीय संघांतून बाहेर पडण्याच्या प्रश्नावर २०१६ ते २०२० या वर्षांत इंग्लंडांत जो कल्लोळ उडाला, तो माझ्या समजुतीप्रमाणें या दोन मतांच्या टकरीचा इतिहास आहे. ती टक्कर सर्वांत जोरानें जेथें झाली तो प्रदेश आयर्लंडचा. आणि डायसीला दुसरें मत सुचलें तेंहि आयर्लंडमुळेंच. हा संबंध नुसत्या योगायोगाचा नाहीं, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

होमरूल हा शब्द आपल्याकडे लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं स्थापन केलेल्या संघामुळें घरोघर पोहोंचला. परंतु तो मूळचा आयर्लंडचा. १८०१ सालीं आयर्लंडचें स्वतंत्र पार्लमेंट नाहींसें होऊन त्या देशाचे कायदे वेस्टमिन्स्टरला होऊं लागले. ग्लॅडस्टननें १८८६ सालीं आयर्लंडला अंतर्गत कारभारापुरतें पार्लमेंट देणारें बिल आणलें. तें कॉमन्स सभेंतच पडलें. १८९३ सालीं त्यानेंच आणलेलें दुसरें बिल कॉमन्स सभेंत संमत झालें, परंतु उमराव सभेनें तें ४१ विरुद्ध ४१९ मतांनीं फेटाळून लाविलें. डायसी हा होमरूलचा कट्टा विरोधक होता, आणि १८८६ सालींच त्यानें त्याविरुद्ध एक पुस्तक लिहिलें होतें. परंतु त्याच्यापुढें अडचण अशी कीं, त्याच्याच सिद्धान्ताप्रमाणें पार्लमेंटनें एकदां होमरूलचा कायदा केला म्हणजे वाद संपला. कॉमन्स सभेंतील बहुमत निवडणुकीगणिक बदलतें. आयरिश सभासदांच्या मतांवर तगून असलेलें एखादें मंत्रिमंडळ त्या मतांची किंमत म्हणून राज्याची शकलें करावयास तयार होईल. आणि उमरावांचा बांध किती दिवस टिकेल याचा भरंवसा कोणीं द्यावा? तेव्हां पार्लमेंटच्याहि वर एक पहारेकरी हवा. १८९० सालीं एका इंग्रजी मासिकांत लेख लिहून डायसीनें स्वित्झर्लंडमधील सार्वमताची पद्धति इंग्लंडांत आणावी असें सुचविलें.

या सूचनेंतील एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे, कारण पुढील सारा अनर्थ ती विसरल्यामुळें झाला. डायसीच्या योजनेंत लोकांची पाळी अखेरची होती. आधीं बिलाचा मसुदा व्हावा, त्याच्या प्रत्येक कलमावर पार्लमेंटांत चर्चा व्हावी, दुरुस्त्या व्हाव्यात, तें संमत व्हावें. आणि मग तयार झालेला कायदा लोकांपुढें ठेवून 'हा हवा कीं नको' असें विचारावें. लोकांना त्यानें जो अधिकार देऊं केला तो नकाराचा. गाडी कोठें न्यावयाची हें पार्लमेंटनें ठरवावें, परंतु ती कड्यावरून जाऊं लागली तर लगाम खेंचण्याची सोय लोकांच्या हातीं असावी. आपला इंग्रज मतदार आयर्लंडला सोडण्यास कधींहि संमति देणार नाहीं अशी डायसीची खात्री होती, आणि त्याच्या तत्त्वज्ञानाच्या मुळाशीं हा पक्षाभिमान होता हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तथापि योजनेचा गुण तिच्या जनकाच्या हेतूवरून ठरवावयाचा नसतो.

डायसीची सूचना कोणीं मनावर घेतली नाहीं. १९११ सालीं उमराव सभेचा नकाराधिकार मोडला. तिसरें होमरूल बिल १९१४ सालीं कायदा होऊन महायुद्धापायीं लांबणीवर पडलें. १९१६ सालीं डब्लिनमध्यें बंड झालें. १९२० च्या कायद्यानें आयर्लंडची फाळणी होऊन उत्तरेकडील सहा परगणे वेगळे काढण्यांत आले. आणि १९२१ च्या डिसेंबरांतील तहानें उरलेले सव्वीस परगणे इंग्लंडच्या हातून सुटले. एवढ्या उलथापालथींत इंग्लंडच्या मतदारांस सार्वमतानें कोणीं कांहीं विचारलें नाहीं. १९२२ सालीं डायसी वारला तेव्हां त्याचा पहिला सिद्धान्त पाठ्यपुस्तकांत स्थिर झाला होता व दुसरा अडगळींत पडला होता.

पुढील अर्धशतक इंग्रज राजकारणी सार्वमताकडे संशयानेंच पाहत आले. १९४५ सालीं युद्धकालीन पार्लमेंटची मुदत लोकांना विचारून वाढवावी अशी चर्चिलनें सूचना केली, तेव्हां ॲटलीनें ती साफ नाकारली. हें साधन नाझी व फॅसिस्ट लोकांनीं वापरलेलें असून आपल्या परंपरेशीं विसंगत आहे, असा त्याचा अभिप्राय पडला. परंतु युरोपचा प्रश्न आला आणि ही सोंवळीं गळून पडलीं. ब्रिटननें सामाईक बाजारांत शिरण्यासाठीं १९६१ सालीं केलेला अर्ज जनरल द गॉलनें १९६३ सालीं उधळून लावला, १९६७ सालीं दुसराहि लावला. अखेर हीथच्या कारकीर्दींत, १ जानेवारी १९७३ रोजीं, ब्रिटन, आयर्लंड व डेन्मार्क हे तीन देश एकदम आंत आले. त्यासाठीं केलेला १९७२ चा कायदा दुसऱ्या वाचनाच्या वेळीं अवघ्या आठ मतांच्या अधिक्यानें तगला होता. मजूर पक्षांत या प्रश्नावर उभी फूट होती. ती झांकण्यासाठीं हॅरल्ड विल्सननें ५ जून १९७५ रोजीं देशव्यापी सार्वमत घेतलें, आणि शेंकडा ६७ मतदारांनीं आंत राहण्यास कौल दिला. सार्वमत इंग्लंडांत आलें तें असें, एका पक्षाचें घर सांवरण्यासाठीं.

आंत शिरल्यावर डायसीच्या पहिल्या सिद्धान्ताची काय गत झाली हें कळण्यास लोकांना सतरा-अठरा वर्षें लागलीं. स्पॅनिश कोळ्यांच्या गलबतांना ब्रिटिश कोट्यांतून मासे मारूं न देणारा कायदा पार्लमेंटनें १९८८ सालीं केला होता. युरोपीय कायद्याशीं विसंगत म्हणून तो लागू न करण्याचा निर्णय लंडनच्या सर्वोच्च न्यायासनास १९९० सालीं द्यावा लागला. पार्लमेंटनें केलेलें कलम न्यायाधीशांनीं बाजूस ठेवलें, हें डायसीच्या ग्रंथांत बसणारें नव्हतें. पार्लमेंटनेंच १९७२ सालीं खुषीनें तो अधिकार दिला असून तेंच तो केव्हांहि परत घेऊं शकतें, असें समाधान कायदेपंडितांनीं सांगितलें. आणि तें तर्कदृष्ट्या खरेंहि होतें. परंतु ज्यांना आपलें घर आपल्या ताब्यांत हवें होतें त्यांचें या तर्कानें समाधान होण्यासारखें नव्हतें. ब्रेक्झिटवाद्यांना केवळ अडाणी वा परद्वेष्टे म्हणून निकालांत काढणारे या मूळ तक्रारीकडे डोळेझांक करितात. आपल्यावर चालणारे कायदे करणाऱ्यांना आपल्याला बदलतां आलें पाहिजे, ही मागणी लोकशाहीच्या दृष्टीनें क्षुद्र नाहीं.

आतां २०१६ कडे येऊं. हुजूर पक्षांतील युरोपविरोधी गट शांत करण्यासाठीं डेव्हिड कॅमेरून यांनीं २०१३ च्या जानेवारींत सार्वमताचें वचन दिलें होतें. २०१५ सालीं अनपेक्षित बहुमत मिळाल्यानें तें पाळणें त्यांना भाग पडलें. २३ जून २०१६ रोजीं मतदान झालें. शेंकडा ७२ मतदार आले. १ कोटि ७४ लाखांनीं बाहेर पडण्यास आणि १ कोटि ६१ लाखांनीं आंत राहण्यास मत दिलें. म्हणजे शेंकडा ५१·९ विरुद्ध ४८·१. इंग्लंड व वेल्स बाहेर पडण्याच्या बाजूनें होते. स्कॉटलंडनें शेंकडा ६२ व उत्तर आयर्लंडनें शेंकडा ५५·८ मतांनीं आंत राहण्याचा कौल दिला.

या सार्वमताचा दोष निसटत्या बहुमतांत शोधला जातो. मला तो क्रमांत दिसतो. डायसीनें शेवटीं ठेवलेली पायरी येथें पहिली झाली. लोकांपुढें कोणतेंहि बिल नव्हतें, करार नव्हता, मसुदा नव्हता. राहावें कीं सोडावें, एवढाच प्रश्न होता. आंत राहणें म्हणजे काय हें चाळीस वर्षांच्या अनुभवानें माहीत होतें. सोडणें म्हणजे काय याचे मात्र जितके वक्ते तितके अर्थ होते. नॉर्वेप्रमाणें संघाबाहेर राहून बाजारांत राहावयाचें, कीं कॅनडाप्रमाणें व्यापारापुरता करार करावयाचा, कीं सारेच धागे तोडावयाचे? या तिन्ही वाटांचे पथिक एकाच पेटींत मत टाकून घरीं गेले. १९७५ सालीं निदान चालू स्थितीस होकार वा नकार द्यावयाचा होता. २०१६ सालीं लोकांकडून नकाराचा लगाम न घेतां हुकूम घेतला गेला, आणि तोहि कोरा. शिवाय कायद्याच्या दृष्टीनें हें सार्वमत केवळ सल्ल्यापुरतें होतें. राजकारणांत मात्र तो अनुल्लंघ्य आदेश ठरला.

पार्लमेंटची यापुढील स्थिति खरोखर कींव करण्यासारखी झाली. ज्या सभेंतील बहुसंख्य सभासदांचें स्वतःचें मत आंत राहण्याचें, तिलाच बाहेर पडण्याचा कायदा करावयाचा होता. संघास सोडचिठ्ठीची नोटीस देण्यास पार्लमेंटचा कायदा लागेल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २४ जानेवारी २०१७ रोजीं आठ विरुद्ध तीन मतांनीं दिला. त्याच दाव्यांत खालच्या न्यायालयानें तसाच निकाल दिला तेव्हां न्यायाधीशांना लोकशत्रु ठरविणारे मथळे वृत्तपत्रांत झळकले होते. श्रीमती थेरेसा मे यांनीं संघाशीं केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजीं २०२ विरुद्ध ४३२ मतांनीं पडला. मार्चमध्यें आणखी दोनदां पडला. मग तुम्हांला हवें तरी काय, हें ठरविण्यासाठीं कॉमन्स सभेनें २७ मार्च रोजीं आठ पर्याय मतास टाकले. आठहि नापास झाले. १ एप्रिल रोजीं चार टाकले, तेहि नापास. लोकांनीं 'सोडा' म्हटलें होतें, आणि सोडण्याच्या एकाहि रीतीस बहुमत नव्हतें. डायसीचीं दोन्हीं मतें येथें समोरासमोर उभीं राहिलीं; कोणतें वरचढ हें सांगणारा लिखित नियम इंग्लंडच्या घटनेंत नव्हता. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत बोरिस जॉन्सन यांनीं पार्लमेंट पांच आठवडे तहकूब ठेवलें, आणि अकरा न्यायाधीशांनीं एकमतानें ती तहकुबी बेकायदेशीर ठरविली.

गांठ सुटत नव्हती ती मुख्यतः आयर्लंडमुळें. १९२० च्या फाळणीनें आंखलेली सरहद्द सुमारें ५०० किलोमीटर लांबीची असून शेतें, रस्ते व गांवें कापीत जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या तीस वर्षांच्या हिंसाचारांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसें मेलीं. सरहद्दीवरील लष्करी चौक्या हें त्या काळाचें चिन्ह होतें. १० एप्रिल १९९८ च्या बेलफास्ट करारानें हा रक्तपात थांबला. करार झाल्यावर त्याची प्रत उत्तर आयर्लंडांतील घरोघर पाठविण्यांत आली, आणि मग २२ मे रोजीं सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस सार्वमत झालें. उत्तरेंत शेंकडा ७१ व दक्षिणेंत शेंकडा ९४ लोकांनीं मान्यता दिली. मसुदा आधीं व मत नंतर, असा डायसीचा क्रम येथें तंतोतंत पाळला गेला होता. दोन्ही देश एकाच बाजारांत असल्यानें जकातनाक्यांचें कारण उरलें नव्हतें, आणि चौक्या गेल्यावर सरहद्द जमिनीवर दिसेनाशी झाली.

ब्रिटननें बाजार व जकात-संघ दोन्ही सोडावयाचे ठरविलें, तर मालाची तपासणी कोठें तरी झालीच पाहिजे. ती जमिनीवरील सरहद्दीवर करावी तर १९९८ चा समेट धोक्यांत येतो. समुद्रावर करावी तर उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून व्यापारांत तुटतें. आणि कोठेंच करावयाची नसेल तर साऱ्या ब्रिटननें संघाचे नियम पाळीत राहिलें पाहिजे. श्रीमती मे यांनीं तिसऱ्या वाटेकडे झुकणारी तरतूद केली व त्या पडल्या. समुद्रांत सरहद्द आंखणारा करार कोणत्याहि हुजूरपक्षीय सरकारास करतां येणार नाहीं, असें जॉन्सन यांनीं २०१८ सालीं बेलफास्टला जाऊन तेथील युनियनिस्टांस सांगितलें होतें. वर्ष पुरें होण्याच्या आंत त्यांनीं जवळजवळ तसलाच करार केला. १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकींत त्यांना ८० चें मताधिक्य मिळालें, आणि ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन संघाबाहेर पडलें. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड या तिहींच्या विधिमंडळांनीं त्या कायद्यास संमति नाकारली होती. पार्लमेंटनें ती बाजूस ठेवून कायदा केला.

आणि आतां डायसीच्या आत्म्यास विचारावें असें प्रकरण येतें. या करारामुळें १८०० सालच्या संयोगाच्या कायद्याचा भंग झाला, कारण त्या कायद्यानें आयर्लंडास व्यापारांत ब्रिटनबरोबरीचे हक्क दिले होते, असा दावा कांहीं युनियनिस्टांनीं लावला. त्या कायद्याचें सहावें कलम नव्या कायद्यापुढें तेवढ्यापुरतें मागें हटलें, कारण पार्लमेंट सार्वभौम आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ८ फेब्रुवारी २०२३ रोजीं दिला. जो संयोग राखण्यासाठीं डायसीनें सार्वमत सुचविलें, तो संयोग एका सार्वमतापायीं सैल झाला, आणि डायसीच्याच पहिल्या सिद्धान्तानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. त्याच महिन्याच्या अखेरीस झालेल्या विंडसर येथील समझोत्यानें मालतपासणीचा जाच कमी झाला. युनियनिस्टांच्या बहिष्कारानें दोन वर्षें बंद पडलेलें उत्तर आयर्लंडचें मंत्रिमंडळ फेब्रुवारी २०२४ मध्यें पुन्हां सुरू झालें, तेव्हां त्याच्या प्रथम मंत्रिपदावर इतिहासांत प्रथमच एक आयरिश राष्ट्रवादी व्यक्ति, मिशेल ओनील, बसली.

इतर परिणामांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. संघांत राहिलों असतों तर देशाची उत्पादनक्षमता दीर्घकाळांत जी झाली असती, तिच्यापेक्षां ती शेंकडा चारनें कमी राहील, असा अंदाज सरकारी अर्थसंकल्पाचें स्वतंत्र परीक्षण करणाऱ्या कचेरीनें धरला आहे. हा अंदाज आहे, मोजलेलें माप नव्हे, हें विसरूं नये. परदेशांतून येणाऱ्यांची संख्या घटावी म्हणून ज्यांनीं मत दिलें त्यांना २०२२-२३ सालीं निव्वळ भर नऊ लाखांवर गेल्याचें पाहावें लागलें. पुढें ती झपाट्यानें उतरली. परंतु दारें उघडलीं तीं ब्रसेल्सनें नव्हे, लंडनच्या मंत्र्यांनीं, हें त्यांना कळून चुकलें. एका अर्थीं ब्रेक्झिटचें वचन येथेंच पुरें झालें: दोष द्यावयास आतां परका धनी उरला नाहीं. जुलै २०१६ ते जुलै २०२४ या आठ वर्षांत सहा जणांनीं पंतप्रधानपद भूषविलें. आणि संघाशीं तुटलेले धागे पुन्हां जोडण्यासाठीं १९ मे २०२५ रोजीं लंडनला समझोता करण्याची वेळ आली.

या साऱ्यांतून इंग्लंडनें काय शिकावें? राज्यशास्त्राचे प्रसिद्ध अध्यापक प्रो. व्हर्नन बॉग्डॅनर यांनीं या विषयावर २०१९ सालीं एक ग्रंथ लिहिला. कॅमेरून हे ऑक्सफर्ड येथें त्यांचेच विद्यार्थी होते. युरोपच्या प्रश्नानें लोकांना जणूं पार्लमेंटची तिसरी सभाच बनविलें, व ती इतर दोन सभांना आज्ञा देऊं लागली, असें प्रो. बॉग्डॅनर यांचें निरीक्षण आहे. युरोपीय कायद्यानें नागरिकांच्या हक्कांना दिलेलें संरक्षण गेल्यामुळें ब्रिटन हें संरक्षित घटनेकडून असंरक्षित घटनेकडे गेलें असून, आतां लिखित राज्यघटना करण्याची वेळ आली आहे, असा त्यांचा निष्कर्ष. निरीक्षण मला पूर्णपणें मान्य आहे. निष्कर्षास मात्र एक पुस्ती जोडावीशी वाटते. लिखित घटना केली तरी तींत लोकांना केव्हां विचारावयाचें हें जर लिहिलें नाहीं, तर पुन्हां कोणी पंतप्रधान आपल्या पक्षाची फूट सांधण्यासाठीं कोरा कागद लोकांपुढें धरील.

आपल्याकडे १६ जानेवारी १९६७ रोजीं गोव्यांत जनमत-कौल घेण्यांत आला, तो येथें आठवतो. महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासित राहावें, असा प्रश्न होता, आणि ३४,००० हून अधिक मताधिक्यानें विलीनीकरण नाकारलें गेलें. महाराष्ट्रांत पुष्कळांस तो निकाल लागला. परंतु मागाहून त्याचा अर्थ काय यावर कोणास भांडावें लागलें नाहीं, कारण दोन्ही बाजूंस काय आहे हें मतदार डोळ्यांनीं पाहत होता.

डायसीच्या योजनेचें पुढें काय झालें हें पाहावयाचें तर डब्लिनला गेलें पाहिजे. १९३७ च्या आयरिश घटनेप्रमाणें घटनादुरुस्तीचें बिल आधीं दोन्ही सभांनीं संमत करावें लागतें, आणि मग तें लोकांपुढें जातें. युरोपीय संघाचा नीस येथील तह आयरिश मतदारांनीं २००१ सालीं व लिस्बनचा तह २००८ सालीं फेटाळला. कांहीं आश्वासनें मिळवून सरकारनें ते दुसऱ्यांदां पुढें ठेवले व तेव्हां ते मान्य झाले. दोनदां विचारण्याच्या या रीतीवर टीका झाली, आणि ती अगदींच गैर नव्हती. पण दोन्ही खेपांस मतदाराच्या हातीं तहाचा मजकूर होता. आपण कशास नाहीं म्हणतों हें त्याला ठाऊक होतें. ज्या देशास बांधून ठेवण्यासाठीं एका इंग्रज पंडितानें हें साधन योजलें, त्या देशानें तें स्वतंत्र झाल्यावर जवळजवळ त्याच्याच अटींसह आपल्या घटनेंत घातलें. इंग्लंडनें तें उचललें तेव्हां अटी तेवढ्या मागें ठेवल्या.